एक सेमिस्टर जर्मनीत: पाठवावं का, आणि परत आल्यावर क्रेडिटचं काय?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. इथे परदेशात शिकून आलेले बरेच जण आहेत, काही प्राध्यापकही आहेत, म्हणून हा प्रपंच.

मुलगी पुण्यात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज स्वायत्त आहे, नाव लिहीत नाही. त्यांचा जर्मनीतल्या एका होखशुलेशी (तिकडचं उच्चशिक्षणाचं कॉलेज) करार आहे आणि त्यातून तिची येत्या हिवाळी सत्रासाठी निवड झाली आहे. सप्टेंबरअखेर जायचं, फेब्रुवारीत परीक्षा देऊन परत. तिकडे ट्यूशन फी नाही, इथली मात्र नेहमीसारखी भरायची. शिष्यवृत्ती नाही, राहण्या-जेवण्याचा खर्च आपला.

घरात दोन तट पडलेत. लेक मनाने कधीच पोचली आहे. तिचे बाबा म्हणतात, पाच महिन्यांसाठी एवढे पैसे घालण्यापेक्षा तेच पुढे एमएसला कामी येतील. मला पैशांपेक्षा दुसरीच धास्ती आहे. पाचवं सेम पूर्ण बुडणार आणि सहावं सुरू झाल्यावर दीड-दोन महिन्यांनी ही उगवणार. एचओडींना विचारलं तर म्हणाले, "जाऊ द्या हो, आपण अ‍ॅडजस्ट करू." हे अ‍ॅडजस्ट म्हणजे नेमकं काय, ते कोणीच लिहून देत नाही. उद्या पाचव्या सेमचे सगळे विषय बॅकलॉग म्हणून समोर आले तर?

कोणाला अनुभव असेल तर सविस्तर लिहा. ब्लॉक्ड अकाउंट हे काय प्रकरण आहे तेही सांगा.

अर्धा_कप

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडे पुढच्या वर्षी हीच वरात निघणार आहे.

बाराचा_भाव

ताई, राग मानू नका, पण स्पष्ट लिहितो. एक्स्चेंज म्हणजे पैसेवाल्यांच्या पोरांची सहल. पाच महिन्यांपैकी एक महिना घर शोधण्यात, एक थंडीला सरावण्यात आणि उरलेले प्राग-पॅरिस करण्यात जातात. इन्स्टावर फोटो चांगले येतात, एवढंच. बाबांचं बरोबर आहे. पैसे एमएसला ठेवा, तिथे निदान डिग्री तरी हातात पडते.

रेवदंडा

@बाराचा_भाव, माझे वडील एसटीत कंडक्टर होते. मी गेलो होतो तो इरॅस्मस प्लसच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या शिष्यवृत्तीच्या पैशांवर. तेव्हा सरसकट 'पैसेवाल्यांची पोरं' म्हणू नका. प्रागला गेलो हे खरं आहे, स्वस्तातल्या बसने, रात्रभर बसून.

ताई, तुमच्या लेकीचं सत्र कसं असेल ते सांगतो, कारण आपल्याकडच्या मुलांची तिथेच फसगत होते. तिकडे वर्गात हजेरी कोणी घेत नाही. बऱ्याच विषयांना मधल्या चाचण्या नाहीत, असाइनमेंटचे गुण नाहीत. अख्ख्या सत्राचा निकाल शेवटच्या एका पेपरवर, किंवा प्राध्यापकासमोर बसून दिलेल्या वीस-तीस मिनिटांच्या तोंडी परीक्षेवर. आणि विषय घेतला म्हणजे परीक्षेला बसता येतं असं नाही! परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते, ऑनलाइन, ठरलेल्या मुदतीत. ही मुदत बहुतेक ठिकाणी नोव्हेंबर-डिसेंबरात असते, म्हणजे पोरं नाताळच्या बाजारात हिंडत असतात तेव्हा. आमच्यातल्या एका मुलाची ती हुकली. सत्रभर प्रामाणिकपणे वर्गात बसला आणि परीक्षेच्या यादीत नावच नाही. हात जोडून काही होत नाही तिकडे.

आता पैसे. ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे पैसे जातात असं नाही. तिथे राहण्याइतके पैसे आहेत हे व्हिसासाठी दाखवायचं असतं. सध्याचा हिशोब महिन्याला ९९२ युरो, वर्षाचे ११,९०४. सहा महिन्यांसाठी ५,९५२ युरो. युरो ढोबळमानाने शंभर रुपये धरला, तर सहा लाखांच्या आसपास. ते तिच्याच नावाने राहतात आणि दर महिन्याला ठरलेला हप्ता तिच्या तिथल्या खात्यात येतो. त्यातूनच भाडं, जेवण, विमा. विद्यार्थ्यांचा सरकारी आरोग्य विमाच महिन्याला १४०-१५० युरो खातो. होस्टेल मिळालं तर खोली साधारण २५० ते ४०० युरोत बसते, बाहेर जास्त. सत्राच्या सुरुवातीला एक 'सेमेस्टरबायट्राग' (सत्राची वर्गणी) भरावा लागतो, गावागणिक शंभर ते साडेतीनशे युरो. ती ट्यूशन फी नव्हे. बऱ्याच ठिकाणी त्यात बस-ट्रेनचा पास येतो, त्यामुळे तो वसूल होतो. व्हिसा फी ७५ युरो. विमानाचं तिकीट धरून सगळं साडेपाच ते साडेसहा लाखांत आवरतं, हात आखडता ठेवला तर.

होस्टेलचा अर्ज मात्र निवडीचं पत्र आलं त्याच दिवशी टाकायला सांगा. स्टुडेंटनवेर्कच्या (तिकडे विद्यार्थ्यांची होस्टेलं चालवणारी संस्था) खोल्यांना भली मोठी रांग असते.

कृष्णाकाठची

@रेवदंडा, धन्यवाद, केवढं नीट लिहिलंत! परीक्षेच्या नोंदणीचं तर कोणीच बोललं नव्हतं. इरॅस्मसचे पैसे हिला का नाहीत मग? आता अर्ज करता येईल का?

रेवदंडा

नाही. त्याचा अर्ज मुलांनी करायचा नसतो. तिकडचं विद्यापीठ आणि इकडचं कॉलेज असा प्रकल्प मंजूर व्हावा लागतो आणि त्यात ठरलेल्या जागा असतात. आमच्या कॉलेजचा तसा होता. प्रवासाचे पैसे अंतराच्या टप्प्यानुसार आणि वर महिन्याचा भत्ता. तुमचा करार दुतर्फी आहे, त्यात फक्त फी माफ.

मास्तर_निवृत्त

मी स्वायत्त कॉलेजात परीक्षा विभाग सांभाळलेला माणूस आहे. सहल की शिक्षण या वादात पडत नाही. ताईंनी बरोबर जागी बोट ठेवलं आहे, तेवढंच बोलतो.

मुलं गेली, शिकली, पास झाली आणि परत आल्यावर इथे अडकली, हे मी पाहिलं आहे. दोष त्यांचा नव्हता. जाताना सगळे हसतमुखाने 'बघू, करू' म्हणाले होते. परत आल्यावर विभागप्रमुख बदललेले, ज्यांनी तोंडी सांगितलं ते दुसऱ्या कॉलेजात गेलेले, आणि परीक्षा विभागातल्या टेबलावर फक्त कागद बोलतो.

म्हणून जाण्याआधी 'लर्निंग अ‍ॅग्रीमेंट' करून घ्या. तिकडे कोणते विषय घेणार, प्रत्येकाला किती ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट मोजायची पद्धत) क्रेडिट, आणि त्या बदल्यात इथला कोणता विषय सुटणार, असा तक्ता. तीन सह्या: मुलीची, तिकडच्या समन्वयकाची, इकडच्याची. एवढ्याने भागत नाही. इकडची सही एचओडींची असून उपयोग नाही. समकक्षता समितीचा ठराव आणि परीक्षा नियंत्रकांचं पत्र हवं. लग्नात याद्या आधी होतात, मांडव नंतर पडतो, तसंच हे.

तक्ता करताना हिशोब असा. युरोपात सत्राला ३० ईसीटीएस आणि वर्षाला ६०. एका ईसीटीएसमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात, घरचा अभ्यास धरून. आपल्या सत्राला वीस-बावीस क्रेडिट असतात. म्हणजे ढोबळमानाने दीड ईसीटीएसला आपलं एक. विषयाचं नाव तंतोतंत जुळलंच पाहिजे असा हट्ट काही सहकारी धरतात, तो चुकीचा. साठ-सत्तर टक्के आशय जुळला की पुरे, असं आम्ही धरायचो. तरी एखाद-दुसरा विषय जुळतच नाही. तो उन्हाळ्यात द्यायचा, की सरकारच्या 'स्वयम' पोर्टलवरच्या ऑनलाइन कोर्सने भरायचा, की पुढच्या वर्षी ज्युनिअरबरोबर, हेही त्याच पत्रात लिहून घ्या.

तुमचं कॉलेज स्वायत्त आहे हे नशीब समजा. संलग्न कॉलेज असतं तर पेपर विद्यापीठाचा, गुणपत्रिका विद्यापीठाची, आणि प्राचार्यांच्या हातात शिफारसपत्रापलीकडे काही नाही.

थोडं अवांतर. ज्या इरॅस्मसचं एवढं नाव आहे, त्याचं मूळच या भांडणात आहे. सोफिया कोर्रादी नावाची इटलीची विद्यार्थिनी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेली, कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदव्युत्तर पदवी घेऊन १९५८ मध्ये रोमला परतली. तिच्या विद्यापीठाने ते शिक्षण धरायला साफ नकार दिला. ती बाई मग पुढची अनेक वर्षं याच एका मागणीमागे लागली: बाहेर दिलेल्या परीक्षा घरच्या विद्यापीठाने मानल्या पाहिजेत. १९८७ मध्ये इरॅस्मस सुरू झालं. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. इटलीत तिला 'मम्मा इरॅस्मस' म्हणतात. तेव्हा ताई, तुम्ही एचओडींकडे कागद मागता आहात यात ओशाळं होण्यासारखं काही नाही.

अर्धा_कप

मास्तर, दंडवत. ही कोर्रादीबाईंची गोष्ट माहीतच नव्हती.

रेवदंडा

मास्तरांना +१. आणि गुणांच्या रूपांतराचंही त्याच पत्रात लिहून घ्या, नाहीतर माझ्यासारखी गंमत होईल.

जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० नापास. मी ग्रेडशीट घेऊन परीक्षा विभागाच्या खिडकीवर गेलो. तिथल्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद दोनदा उलटापालटा केला आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंना म्हणाले, "अहो, ह्याला दहापैकी एक पूर्णांक तीन मिळालेत. पास कसा म्हणायचा?" मी सांगतोय की काका, तो वर्गातला वरचा नंबर आहे. ते म्हणतात, "असं कुठं असतंय होय?" शेवटी तिकडच्या प्राध्यापकांकडून मेल आणावा लागला.

यासाठी एक सूत्र आहे, बव्हेरियन फॉर्म्युला म्हणतात. मूळ उपयोग बाहेरचे गुण जर्मन पद्धतीत आणायला, पण उलटं चालवता येतं. आपल्याकडे कमाल १० आणि पासाला ४ धरलं, तर जर्मन गुणातून १ वजा करा, दुप्पट करा, ते दहातून काढा. १.३ चे होतात ९.४. १.७ चे ८.६. २.३ चे ७.४. कॉलेजला हे मान्य आहे का, की ते नुसतं 'पास' लिहून सीजीपीएतून ते सत्र वगळणार, हे आधी ठरवा. दोन्ही पद्धती चालतात, पण एमएसच्या अर्जाला फरक पडतो.

बाराचा_भाव

बरं, एसटीचं वाचून शब्द मागे घेतो. पण मुद्दा तोच. एवढी यातायात करायची तर पूर्ण शिष्यवृत्तीच बघा ना. फुलब्राइटला अर्ज करा, सरकारची राजर्षी शाहू परदेशी शिष्यवृत्ती आहे.

मास्तर_निवृत्त

@बाराचा_भाव, दोन्ही उत्तम, दोन्ही इथे गैरलागू. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी, ७५ जागा, आणि ती पदव्युत्तर किंवा पीएचडीला पूर्णवेळ जाणाऱ्यांना. एका सत्राला नाही. फुलब्राइट-नेहरूची मास्टर्सची शिष्यवृत्ती पदवीनंतर निदान तीन वर्षं पूर्णवेळ नोकरी केलेल्यांना. शिवाय त्या व्हिसावर गेलं की परत येऊन दोन वर्षं मायदेशी काढावी लागतात, ही अट पुष्कळांना नंतर कळते.

खरं दुखणं हेच आहे की पदवीच्या मुलाला एक सत्र बाहेर पाठवायला आपल्याकडे सरकारी पैसा जवळपास नाही. नव्या शैक्षणिक धोरणात क्रेडिटची ये-जा आली, २०२१ मध्ये क्रेडिट बँक आली, यूजीसीने २०२२ मध्ये ट्विनिंगचे, म्हणजे इथल्या आणि परदेशी संस्थेने मिळून अभ्यासक्रम चालवायचे नियम केले, त्यात ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट बाहेरून आणायची मुभा आहे. १६० क्रेडिटच्या बीटेकला ती ४८ होतात, म्हणजे दोन सत्रं आरामात. कागदावर दार सताड उघडं आहे. तिकिटाचे पैसे कोण देणार, यावर अवाक्षर नाही. म्हणून जाते ती ज्याच्या बापाकडे सहा लाख आहेत त्याचीच पोर. बाराचा_भाव यांचा राग त्या अर्थाने खोटा नाही.

खडीसाखर

तिकडे जपान बरं. माझी भाची पुण्यात जपानी शिकत होती, तिला यजमान विद्यापीठामार्फत जासोची (जपानची विद्यार्थी साहाय्य संस्था) शिष्यवृत्ती मिळाली, महिन्याला ८०,००० येन. टोकियोत त्यात भागत नाही, लहान गावात भागतं. त्यांचं सत्र एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होतं, त्यामुळे वेळापत्रकाची ओढाताण तिथेही आहेच. जर्मनांची काय, जपान्यांची काय, आपल्याशी कोणाचीच तारीख जुळत नाही.

अभियांत्रिकी आणि विज्ञानवाल्यांनी कॅनडाची मायटॅक्स ग्लोबलिंक आणि जर्मनीच्या डाडची (तिकडची शैक्षणिक देवाणघेवाणीची संस्था) 'वाइज' याही बघाव्यात. उन्हाळ्यातली संशोधन इंटर्नशिप, पैसे तेच देतात आणि सेम बुडत नाही.

माजी_खिडकी

एका विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षात काम केलं आहे, म्हणून आतली गोष्ट सांगतो.

फी माफ असते ती काही कोणी उदार म्हणून नाही. करार असा असतो की तुमचे दोन येणार, आमचे दोन जाणार, दोघे आपापल्या घरी फी भरणार. हिशोब काही वर्षांत बरोबरीला यावा लागतो. आता गंमत बघा. इकडून जायला वीस जण रांगेत, तिकडून यायला एखादाच. दोन-तीन वर्षं असं चाललं की तिकडचं ऑफिस नम्र भाषेत पत्र पाठवतं की पुढच्या वर्षी आम्ही एकच जागा देऊ शकू. लोकांना वाटतं जर्मनांनी जागा कमी केल्या. जागा आपल्या होस्टेलने कमी केल्या!

येणाऱ्या मुलाला आपण काय देतो? नऊला बंद होणारं गेट. इंग्रजीत शिकवू म्हणून सांगितलेला आणि निम्मा मराठी-हिंदीत जाणारा वर्ग. ऑगस्ट उजाडला तरी न लागलेलं टाइमटेबल. एका जर्मन मुलाने पहिल्याच आठवड्यात मला विचारलं होतं, "नोव्हेंबरमधल्या परीक्षेची तारीख द्या, परतीचं तिकीट काढायचंय." मी काय देणार, कपाळ? शेवटी त्याने तिकीट दोनदा बदललं. दुसरं म्हणजे ७५ टक्के हजेरी. तो म्हणाला, परीक्षेत मला येतंय की नाही ते बघा, मी खुर्चीत बसलो होतो की नाही ते का मोजता? मला उत्तर सुचलं नाही.

सही घेण्यापेक्षा कॉलेजांनी चार बऱ्या खोल्या बांधल्या तर जास्त मुलं जातील, असं माझं स्पष्ट मत आहे.

दगडी_चूल

@माजी_खिडकी अगदी! आमच्याकडे कोथरूडला दोन वर्षं एक्स्चेंजच्या मुली राहायच्या, एक फ्रेंच, नंतर एक जर्मन. कॉलेजच्या होस्टेलला कंटाळून आल्या होत्या. पहिल्या मुलीच्या वेळी आम्हाला फॉर्म सी, म्हणजे परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा अर्ज, ठाऊकच नव्हता. परदेशी माणूस घरात राहायला आला की २४ तासांत घरमालकाने त्याची नोंद ऑनलाइन करायची असते. कॉलेजने एका शब्दाने सांगितलं नाही, ती पोरगीच पासपोर्ट हातात घेऊन आली आणि म्हणाली, काकू, हे तुम्हाला करायचं आहे.

मुली गुणी होत्या. जर्मन मुलगी कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागली होती. एकच भांडण, गणपतीत रात्री डीजे वाजला की ती कानात बोळे घालून बाल्कनीत बसायची.

मास्तर_निवृत्त

@माजी_खिडकी, खोल्या बांधायला हव्यात हे मान्य. पण 'सही घेण्यापेक्षा' नको. खोल्या बांधून होईतो या मुलीचं सातवं सेम उजाडेल.

मांडवी_तीर

गोव्याहून. आमच्याकडे पोर्तुगीज शिकणारी मुलं लिस्बनकडे जातात, कामोंइश संस्थेच्या (पोर्तुगीज भाषेचा प्रसार करणारी पोर्तुगाल सरकारची संस्था) मदतीने. भाषेच्या मुलांना समकक्षतेचा त्रास कमी, कारण तिकडे भाषाच शिकायची. इंजिनिअरिंगवाल्यांचं खरं कठीण. ताई, मुलीला जर्मन किती येतं? होखशुलेमध्ये सगळे विषय इंग्रजीत नसतात. एक्स्चेंजच्या मुलांसाठी इंग्रजी विषयांची वेगळी यादी असते, ती आधी मागवा. लर्निंग अ‍ॅग्रीमेंट त्या यादीबाहेर जाऊन केलं तर तिकडे पोचल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

अर्धा_कप

एक भोळा प्रश्न. उन्हाळी सत्राला गेलं तर बरं नाही का? थंडी तरी नसते.

रेवदंडा

थंडीचं काही नाही हो, जाकीट मिळतं. उन्हाळी सत्र मार्च ते जुलै. म्हणजे सहावं सेम अर्धं इथे करून मध्येच उठायचं आणि सातव्याच्या सुरुवातीला परत यायचं. तेव्हा नेमक्या प्लेसमेंटच्या कंपन्या यायला लागतात. हिवाळीत पाचवं पूर्ण जातं पण सरळ जातं, आणि सहाव्याचे सुरुवातीचे आठवडे बुडतात. त्यावर उपाय निघतो: हजेरीची माफी आणि पहिली चाचणी नंतर द्यायची परवानगी. शिवाय तिकडे काही विषयांना दोन परीक्षा-फेऱ्या असतात. पहिलीच फेरी घ्यायची. सातव्या सेमला जाण्याचा विचार मात्र कोणीही करू नये.

बाराचा_भाव

आणखी एक, आणि हे मी कडवट अनुभवाने सांगतो. 'इंटरनॅशनल एक्स्चेंज' नावाने दोन आठवड्यांची टूर विकणारेही फिरताहेत. आमच्या भाच्याच्या कॉलेजात एका संस्थेने सेमिनार घेतला, तीन-साडेतीन लाख घेतले, विद्यापीठाच्या गेटसमोर फोटो आणि एक सर्टिफिकेट. क्रेडिट शून्य. ओळखायचं कसं? यजमान विद्यापीठाकडून मुलाच्या नावाने ग्रेडशीट मिळणार का, एवढंच विचारा. 'पार्टिसिपेशन सर्टिफिकेट' म्हणाले की उठा.

रेवदंडा

हे मात्र लाख बोललात.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या काळात बरीच पळापळ झाली, म्हणून उशिरा लिहितेय.

मास्तरांचा प्रतिसाद छापून घेऊन गेले होते. एचओडी आधी म्हणाले, "मॅडम, तुमचा विश्वास नाही का?" मी म्हटलं, सर, तुमच्यावर आहे, तुमच्या जागी येतील त्यांच्यावर नाही. हसले आणि परीक्षा नियंत्रकांकडे घेऊन गेले. समितीची बैठक झाली. तिकडच्या इंग्रजी यादीतले पाच विषय घेतलेत. थर्मो, मशीन डिझाइन आणि मटेरियल्सच्या बदल्यात तीन जुळले, उरलेले ओपन इलेक्टिव्ह म्हणून धरणार. आपला डायनॅमिक्सचा पेपर कशालाच जुळत नाही, तो परत आल्यावर उन्हाळी परीक्षेत द्यायचा, 'बॅकलॉग' असा शिक्का न लागता. तसं पत्रात लिहून मिळालं. गुणांच्या रूपांतराला सूत्र नको म्हणाले, 'पास' लिहिणार आणि सीजीपीए उरलेल्या सत्रांवर काढणार. लेक जरा खट्टू झाली. बाबा खूश, म्हणे आता गुणांच्या नावाने रडायला नको.

बाबा अजून पूर्ण वळलेले नाहीत, पण बँकेत जाऊन चौकशी करून आले. शिक्षणासाठी वर्षाला दहा लाखांपर्यंत पैसे पाठवले तर टीसीएस (परदेशी पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर) कापत नाहीत, हे त्यांनीच मला सांगितलं. याचा अर्थ मी लावला आहे तोच असावा.

एक राहिलं. हजेरीच्या माफीचं अजून तोंडीच आहे. प्राचार्य रजेवर आहेत.

मास्तर_निवृत्त

ते आल्याशिवाय तिकीट काढू नका. माफीच्या पत्रात सहाव्या सेमच्या तारखा घालून घ्या, नुसतं 'सवलत देण्यात येत आहे' असं नको. आणि त्या पाच विषयांतला एखादा तिकडे ऐनवेळी रद्द होतो, हे दरवर्षीचं आहे. बदललेल्या विषयासाठी पुन्हा समिती बसवावी लागू नये म्हणून दोन राखीव विषय आत्ताच तक्त्यात टाका.

रेवदंडा

राखीव विषयांची आयडिया बेस्ट. माझा एक विषय पहिल्याच आठवड्यात रद्द झाला होता.

ताई, लेकीला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायला सांगा, गाव कळलं तर तिथल्या मराठी मुलांच्या ग्रुपमध्ये टाकतो. नवीन येणाऱ्यांसाठी जुनी मुलं सायकल आणि भांडी ठेवून जातात. कुकर मात्र इथूनच पाठवा, तीन लिटरचा, जादा गॅस्केट आणि व्हॉल्व्हसकट. आणि इंडक्शनवर चालणाराच, नाहीतर नुसता शोभेला राहील.